शंभर गाठींची काळी लोकरी माळ: एकांतातल्या प्रार्थनेसाठी कोणती घ्यावी, कशी धरावी

ग्रीसमधला ॲथॉस पर्वत म्हणजे वीस मठांची, फक्त साधूंची वस्ती. तिथल्या मठांत आणि डोंगरउतारावरच्या एकट्यादुकट्या कुटींत लोकरीच्या गाठींच्या माळा हातानं बनतात. ग्रीक लोक या माळेला कोंबोस्किनी म्हणतात, म्हणजे सरळसरळ ‘गाठींची दोरी’. रशियात तिचं नाव चोत्की. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतल्या, मठांच्या दुकानांतून ती जगभर जाते आणि आपल्याकडे बसूनही मागवता येते. मागवताना मात्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रोझरी असते, आणि गफलत तिथेच होते.

वसईत, वांद्र्यात, गोव्यात घरोघरी असते ती रोझरी ५९ मण्यांची: ५३ मणी मरियेच्या वंदनाचे, ६ प्रभूच्या प्रार्थनेचे. ओठांवर प्रार्थना चालू असताना मनानं येशूच्या आणि मरियेच्या जीवनातला एकेक प्रसंग पाहायचा, ही रोझरीची रीत. गाठींच्या माळेची रीत नेमकी उलटी आहे. इथे प्रसंग नाही, चित्र नाही, दहा-दहाचे टप्पे बदलणं नाही. पहिल्या गाठीपासून शंभराव्या गाठीपर्यंत एकच वाक्य, आणि मनात कोणतंही दृश्य उभं करायचं नाही. त्यामुळे माळ अशी हवी की तिच्याकडे बघावंसं वाटू नये, तिचा आवाज येऊ नये आणि अंधारातही ती बोटांना कळावी. काळी लोकरी माळ या तिन्ही कसोट्यांना उतरते. बाजारात मिळणाऱ्या इतर बहुतेक माळा त्यातल्या एका तरी कसोटीवर पडतात.

ते वाक्य असं: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ स्त्रियांनी ‘पापिणीवर’ म्हणावं. शेवटचा तुकडा लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराच्या तोंडचा आहे. मंदिरात दूर उभा राहून, वर बघायचीही हिंमत न होता तो ऊर बडवत जे म्हणाला, ते. पहिला तुकडा यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या भिकाऱ्याच्या हाकेशी जुळतो. अक्षरं मोजली तर आपल्या मराठी वाक्याची गंमत कळते. ‘पुत्रा’पर्यंत अकरा अक्षरं, पुढे दहा. श्वास आत घेताना पहिला भाग आणि सोडताना दुसरा, असं म्हणायचं झालं तर दोन्ही पारडी जवळजवळ समान राहतात. ‘माझ्यासारख्या पापी माणसावर दया करा’ असं सैलावलेलं रूप घेतलं की दुसरी बाजू लांबते, वाक्य तिसाव्या-चाळिसाव्या वेळी तोंडात घोळायला लागतं आणि शब्द गिळले जातात. म्हणून एकदा वाक्य ठरवलं की निदान काही महिने ते बदलू नये. फार थकवा असेल, आजारपण असेल तर ‘प्रभू येशू, दया कर’ एवढंही चालतं, परंपरेला ते मान्य आहे.

आता वस्तूकडे.

चांगल्या माळेतली गाठ साधी नसते. दोरा बोटांभोवती गुंडाळत, एकातून एक ओवत अशी गाठ मारतात की तिच्यात क्रूसांवर क्रूस पडतात. परंपरा एका गाठीत सात क्रूस मोजते, काही जण नऊ सांगतात. चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंशी तिची कथा जोडलेली आहे. एक साधू प्रार्थना मोजायला दोरीला साध्या गाठी मारायचा आणि सैतान मागून येऊन त्या सोडून टाकायचा. मग त्याला क्रूसांची गाठ शिकवली गेली, जी सैतानाला सोडवेना. कुणी ही कथा संत अँथनीची सांगतं, कुणी संत पाखोमियसची. कथेतलं तांत्रिक सत्य मात्र हातात घेऊन बघता येतं. ही गाठ खरोखरच सुटत नाही. ओढाल तशी ती आवळते. मारताना एक फेरा चुकला तर गाठ सैल आहे तोवरच तो दुरुस्त होतो. एकदा आवळली की सुई घालून उकलावी लागते, नाहीतर दोरा कापून टाकावा लागतो. शंभर गाठींना सरावाच्या हातालाही काही तास बसावं लागतं. किंमत त्या बसण्याची असते, लोकरीची नाही.

तेव्हा विकत घेताना पहिली तपासणी गाठीची. माळ आडवी धरून अंगठा आणि तर्जनी यांमध्ये एक गाठ हलकेच फिरवा. ती गोलसर आणि घट्ट लागली पाहिजे, दाबल्यावर चपटी होता कामा नये. मग डोळे मिटून दहा गाठी मोजत पुढे जा आणि डोळे उघडून ताळा करा. आकडा चुकला तर दोन कारणं असतात. गाठी एकमेकींना इतक्या चिकटून मारलेल्या असतात की दोन गाठी बोटाला एकच वाटतात, किंवा गाठी सारख्या मापाच्या नसतात. दोन्ही दोष पुढे सुधारत नाहीत. वापरानं लोकर दबते आणि चिकटलेल्या गाठी आणखी चिकटतात. उलट गाठींमध्ये रिकामा दोरा दिसत असेल तर ती माळ वर्षभरात ताणून लांबते.

दुसरी तपासणी दोऱ्याची. चकचकीत सॅटिनच्या दोऱ्याच्या माळा स्वस्त असतात, फोटोत फार देखण्या दिसतात, पण आम्ही त्या सुचवणार नाही. सॅटिन गुळगुळीत असतं. गाठ बोटाखालून निसटते, एका प्रार्थनेला दोन गाठी सरकतात आणि लक्ष वाक्यावरून दोऱ्यावर जातं. घामट हातात तर आणखीच. जाड नायलॉनच्या दोरीची माळ टिकते दणकट, पण तिच्या गाठी टणक असतात आणि अर्ध्या तासानं बोटाच्या पेराला टोचू लागतात. लाकडी किंवा काचेच्या मण्यांच्या माळेचा दोष वेगळा, ती वाजते. चर्चमध्ये शेजारच्याला, रात्री घरात झोपलेल्यांना तो खुळखुळाट ऐकू जातो, आणि आपण प्रार्थना करतोय हे आपल्यालाच ऐकू यायला लागतं. लोकर मुकी असते. मेंढीची लोकर उत्तम मेंढपाळाच्या कळपाची आठवण म्हणून, काळा रंग पापाच्या शोकाचा म्हणून, असा अर्थ मठांत सांगतात. पण लोकरीची खरी किंमत कळते ती रात्री दिवा मालवल्यावर.

दर पंचवीस किंवा दहा गाठींनंतर एक मणी असतो, सांधा जिथे बांधलेला असतो तिथे गाठींचाच क्रूस आणि खाली गोंडा. गोंडा अश्रू पुसायला, अशी जुनी समजूत आहे. दररोज खिशात माळ ठेवणार असाल तर बिनगोंड्याची घ्या, कारण गोंडा किल्ल्यांत अडकतो आणि त्याचे धागे उसवतात. धातूचा क्रूस लावलेल्या माळाही मिळतात. त्या जड होतात, लोंबतात आणि हात खाली ओढतात. गाठींचाच क्रूस बरा.

किती गाठींची घ्यायची? तेहतीस, पन्नास, शंभर, तीनशे, असे प्रकार मिळतात. तेहतीस हा आकडा येशूच्या आयुष्याच्या वर्षांवरून आलेला. साधारण सहा मिलिमीटरची गाठ धरली तर तेहतीसची माळ वीस सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे मनगटाला बसते. शंभरची साठ सेंटिमीटरचा फेर, दुमडल्यावर तळहाताच्या मुठीत मावते. तीनशेची मठातल्या कुटीसाठी आहे. ती घरी घेतली की तिचा गुंता सोडवण्यातच वेळ जातो. मनगटावरच्या तेहतीसच्या माळेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. प्रवासात, दवाखान्याच्या रांगेत ती उपयोगी पडते, पण ती सतत दिसते. लोक विचारतात, आपण सांगतो, आणि मग तिचा दागिना होतो. पहिली आणि एकच माळ घेणार असाल तर शंभरची, बिनगोंड्याची, खिशात ठेवायची.

आता दार लावण्याबद्दल. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे. तिथे मूळ ग्रीक शब्द ‘तामेइओन’ असा आहे. त्याचा अर्थ घरातली आतली खोली, कोठीची खोली. धान्य, तेल, साठवणीचं सामान ठेवायची जागा. निजण्या-बसण्याची शोभेची खोली नव्हे. हा अर्थ ध्यानात घेतला तर एकांतासाठी वेगळी सजवलेली खोली लागते, समोर मूर्ती-मेणबत्त्या मांडायला लागतात, हा समज गळून पडतो. दोन खोल्यांच्या घरात पहाटे स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं तरी ती कोठीची खोलीच. ज्यांच्याकडे तेही नाही त्यांच्यासाठी ही माळ जास्तच मोलाची आहे. पँटच्या खिशात हात घालून लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांखाली ती सरकत असते आणि शेजारच्या प्रवाशाला पत्ता नसतो.

वापरण्याची पद्धत सोपी आहे, पण क्रम पाळावा. दिवसातली एक वेळ आणि एक जागा ठरवा. सकाळी उठल्यावर, फोन हातात घेण्याआधी, ही सगळ्यांत टिकाऊ वेळ. बसायला पाठ नसलेलं बुटकं स्टूल किंवा साधी खुर्ची चालते. मांडी घातली तरी हरकत नाही, फक्त पाय बधिर होऊ देऊ नयेत, कारण मग मन पायातच राहतं. माळ डाव्या हातात धरायची, म्हणजे क्रूसाची खूण करायला उजवा हात मोकळा राहतो. क्रूसापाशी सुरुवात. पहिली गाठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, बाकीची माळ उरलेल्या बोटांवरून खाली सोडलेली. पहिल्या दहा गाठींना वाक्य हलक्या आवाजात उच्चारा, एवढंच की आपल्या कानाला पोहोचेल. मग आवाज ओठांपुरता, मग मनात. वाक्य पुरं झाल्यावरच गाठ सरकवायची, अर्ध्यावर नाही. मणी आला की थोडं थांबा. मठांत इथे लवून नमस्कार किंवा साष्टांग दंडवत घालतात. गुडघे दुखत असतील तर नुसती मान लववली तरी पुरे. एका वाक्याला आठ-नऊ सेकंद धरले तर शंभर गाठींना चौदा-पंधरा मिनिटं लागतात. नवशिक्यानं पहिले काही आठवडे तेहतीस गाठींवर थांबावं, पाच मिनिटं. मग एकदम शंभरवर न जाता पन्नास. शेवटी लगेच उठू नका. माळ मुठीत धरून मिनिटभर गप्प बसा.

कुठे बिघडतं, हे इथे सविस्तर सांगायला हवं, कारण माळ सोडून देणारे लोक बहुधा याच जागी सोडतात.

सगळ्यांत आधी येतो तो वेग. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून शंभर गाठी सात मिनिटांत होऊ लागतात आणि माणसाला वाटतं, जमलं. जमलेलं नसतं. जीभ पाठ झालेली असते आणि मन मोकळं सुटलेलं असतं. ज्या सहाव्या अध्यायात दार लावायला सांगितलंय त्याच्या पुढच्याच ओळीत व्यर्थ बडबड करू नका असंही येशूनं बजावलंय. उपाय साधा आहे. पुढची प्रार्थना सुरू करण्यापूर्वी एक पूर्ण श्वास नुसता जाऊ द्या. चार-पाच दिवसांत वेग आपोआप उतरतो.

मग भटकणं. दूध, ऑफिस, मुलाची फी, भावाशी झालेलं भांडण. विचार येणारच, आणि त्यांच्याशी झगडण्यात अर्थ नाही. विचाराला उत्तर द्यायला थांबलं की त्याच्याशी संवादच सुरू होतो. जिथे भानावर आलात त्याच गाठीपासून पुढे चला. किती गाठी सुटल्या म्हणून मागे जाऊन मोजणं ही सर्वांत मोठी चूक. मागे मोजायला लागलं की प्रार्थना संपते आणि हिशेब सुरू होतो. एक गाठ दोनदा झाली किंवा राहिली, त्यानं काही बिघडत नाही. याच कारणानं फोनवरचे जपाचे काउंटर आणि बोटात अडकवायचे डिजिटल काउंटर आम्हाला या कामाला नापसंत आहेत. ते उरलेला आकडा सतत डोळ्यांसमोर धरतात, आणि काउंटर फोनवर असेल तर त्याच्या एका बोटावर अख्खा बाजार असतो. माळ आकडा विसरू देते, फक्त टप्पा सांगते.

तिसरी गोष्ट श्वासाची, आणि इथे सावधगिरी हवी. चौदाव्या शतकात ॲथॉसचे काही साधू मान छातीवर झुकवून, श्वास मंद करून, लक्ष हृदयाच्या जागी आणून ही प्रार्थना करत. या निवांत वाटेला ग्रीकमध्ये हेसिखिया म्हणतात. इटलीतल्या कॅलाब्रियाहून आलेल्या बार्लाम नावाच्या विद्वान साधूनं त्यांची ‘बेंबीत आत्मा असलेले’ म्हणून टवाळी केली. ॲथॉसचाच साधू ग्रेगरी पालामास यानं त्यांची बाजू मांडली आणि १३४१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेनं पालामासला पाठिंबा दिला. तेव्हा ही पद्धत परंपरेबाहेरची नाही. पण ती मार्गदर्शक साधूच्या देखरेखीखाली शिकायची होती. एकोणिसाव्या शतकात रशियात इग्नातियस ब्रियांचानिनोव आणि एकांतवासी थेओफान या दोन बिशपांनी गुरूशिवाय ती करू नका असं कळकळीनं सांगितलं. थेओफान स्वतः बिशपपद सोडून विशाच्या मठात गेले, १८७२ पासून १८९४ मध्ये मरेपर्यंत ते पूर्ण एकांतात राहिले, आणि तिथूनच हजारो पत्रांना उत्तरं देत राहिले. त्यांचा भर शरीराच्या युक्तीवर नव्हता, देवासमोर मनानं उभं राहण्यावर होता. घरी बसून करणाऱ्यानं एवढंच पाळावं: श्वासाची नैसर्गिक लय असेल तिच्यावर वाक्य हलकेच ठेवायचं, श्वास रोखायचा नाही, लांबवायचा नाही. डोकं जड होणं, छातीत धडधड, घेरी येणं ही श्वास ताणल्याची लक्षणं आहेत. ती आध्यात्मिक अनुभवाची खूण नव्हे. ताबडतोब थांबा, उठून चाला, दुसऱ्या दिवशी फक्त ओठांनी म्हणा.

असंच प्रकाश दिसणं, सुगंध येणं, आवाज ऐकू येणं याबद्दल. ही परंपरा अशा गोष्टींकडे फार संशयानं बघते. रशियन साधू त्याला प्रेलेस्त म्हणतात, म्हणजे भुलावण. दिसलं तरी त्याकडे लक्ष द्यायचं नाही, पुढची गाठ. आणि आपल्या धर्मगुरूला सांगायचं. एकांत म्हणजे कुणालाच काही न सांगणं असा अर्थ इथे नाही. मठातला एकटा राहणारा साधूही आपल्या गुरूला मन उघडं करून दाखवतो. ज्यांना सतत उदासी आहे, झोप उडालेली आहे, एकटेपणाची भीती वाटते, त्यांनी लांबलचक एकांत सुरू करण्याआधी डॉक्टरांशीही बोलावं. अशा वेळी तेहतीस गाठी आणि मग घरच्यांसोबत चहा, हेच बरं.

कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट माणसानं ही माळ वापरावी का, असा प्रश्न येतो. प्रार्थनेचं वाक्य बायबलमधून आलेलं आहे, त्यात कुणालाही अडचण नसावी. आपल्या मराठी कानाला तर नाम घेत राहणं परकं नाही. नेवासा असो की पंढरीची वाट, बोटांखाली माळ आणि जिभेवर नाम हे चित्र इथल्या मातीतलं आहे, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले ते याच कानासाठी. एक फरक मात्र जपावा. ही माळ रोझरीची जागा घेण्यासाठी नाही. ज्यांच्या घरी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी होते त्यांनी ती तशीच ठेवावी. ही माळ त्या आधीच्या किंवा नंतरच्या, दार लावलेल्या वेळेसाठी.

आपल्या हवेत लोकर सांभाळणं हे थोडं कटकटीचं काम आहे, ही या माळेची खरीखुरी कमतरता. नवी काळी माळ पहिल्यांदा घामानं रंग सोडते. म्हणून वापरण्यापूर्वीच गार पाण्यात थोडा सौम्य साबण घालून दहा मिनिटं बुडवून ठेवा, दोन-तीन पाण्यांतून काढा. पिळू नका, पिळलं की गाठींचा आकार जातो. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी वाळवा. टांगून वाळवली तर पाण्याच्या वजनानं ती लांबते. गरम पाण्यात कधीच नाही, लोकर आटते आणि गाठी दगडासारख्या होतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तिला कुबट वास येतो. खिशातून काढल्यावर बंद डबीत टाकू नका, सुती पिशवीत ठेवा, आठवड्यातून एकदा पंख्याखाली पसरा. कसर लागू नये म्हणून कपाटात वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरतो. डांबरगोळ्या नकोत, तो वास बोटांना लागतो आणि प्रार्थनेच्या वेळी नाकात बसतो. ज्यांना लोकरीची ॲलर्जी आहे किंवा तळहाताला फार घाम येतो त्यांनी जाड सुती दोऱ्याची माळ घ्यावी. ती लोकरीइतकी मऊ नसते, पण धुवायला सोपी आणि सॅटिनसारखी निसटत नाही.

रोजच्या वापरानं काही वर्षांत गाठींवरची लव जाते, रंग तपकिरीकडे झुकतो आणि अंगठा जिथून सुरुवात करतो त्या क्रूसाजवळच्या गाठी चपट्या होतात. तोवर माळ बदलण्याची गरज नाही. सांध्याचा दोरा विरला तर काळ्या दोऱ्यानं शिवून घ्या. मध्येच तुटली तर मात्र दुरुस्तीचा खटाटोप करू नये, दोन टोकं एकत्र बांधली की गाठींची संख्या आणि फेर दोन्ही बिघडतात. आशीर्वाद दिलेली माळ कचऱ्यात टाकत नाहीत. ती जाळून राख झाडाच्या बुंध्याशी घालतात, किंवा तशीच मातीत पुरतात. साधूचा मृत्यू झाला तर त्याची माळ त्याच्या हातातच ठेवतात.